फ्रीजमध्ये दह्यामागं बीपीसी १५७ ची बाटली सापडली, भाऊ टोचून घ्यायलाय, काय करावं?

गंगाखेडची_लेक, रात्री १०:१२

नमस्कार. घाईत टाइप करतेय, चुका सांभाळून घ्या. मी लातूरला नोकरीला, दिवाळीसाठी माहेरी गंगाखेडला आलेय. काल फ्रीजमधून दही काढायला गेले तर पातेल्यामागं एका डब्यात दोन छोट्या काचेच्या बाटल्या, रबरी बूच, वर पत्र्याची टोपी, एकीत पांढरी भुकटी तळाला चिकटलेली आणि दुसरीत पाण्यासारखं पातळ. सोबत शुगरवाले वापरतेत तसल्या बारीक सुयांचं पाकीट. आईला विचारलं तर म्हणे गाईचं असंल, बापू ठेवतेत कधी कधी. बापू म्हणाले माझं नाही. मग घरात राहिला एकच माणूस.

भाऊ २२ वर्षांचा आहे, दोन वर्षं झाले पोलीस भरतीची तयारी करायलाय, कबड्डी पण खेळतो, मागच्या साली जिल्ह्याच्या टीममधून गेलता. मागच्या भरतीत लेखी बरी गेली पण ग्राउंडला मार खाल्ला. १६०० मीटर ५ मिनिटं १० सेकंदात आलं तर २० पैकी २०, हा ५:३८ ला आला. यंदा जिद्दीनं पळत होता तर गणपतीनंतर उजव्या टाचेच्या वरची जाड नस दुखायला लागली. सकाळी उठला की दहा-पंधरा पावलं लंगडतो, मग अंग गरम झालं की चालतो नीट, संध्याकाळी परत तेच. दवाखान्यात दाखवलं, गोळ्या दिल्या, आराम कर म्हणले. हा म्हणतो आराम करायला भरती थांबणारे का. आणि जिमातल्या कुणाकडून तरी दुखणं लवकर बरं करतं म्हणून हे इंजेक्शन आणलं, साडेतीन हजाराला एक बाटली, कापसाचे पैसे आलते त्यातले.

लेबलवर बीपीसी १५७, ५ मिलिग्रॅम एवढंच, आणि खाली मुंगीएवढ्या अक्षरात इंग्रजीत की निस्तं संशोधनासाठी आहे, माणसांनी वापरू नये. मी वाचून दाखवलं तर म्हणतो ताई ते कायद्यासाठी लिहितेत, सिगारेटच्या पाकिटावर नाही का लिहीत. नऊ दिवस झाले पोटाच्या कातडीत टोचून घ्यायलाय.

गूगलवर अर्धे म्हणतेत चमत्कार आहे, अर्धे म्हणतेत कॅन्सर होतो. कुणाला खरं माहीत असंल तर सांगा. आणि बाटल्या फेकू का ठेवू?

ढोरांचा_डॉक्टर, रात्री १०:३१

आईचा अंदाज अगदीच काही चुकला नाही ताई 😀 गाईला नाही पण घोड्याला देतेत असलं. टीबी ५०० म्हणून याचं एक चुलत भावंड आहे, शर्यतीच्या घोड्यांना चोरून द्यायचे, शेवटी हाँगकाँगच्या रेसच्या लॅबनं घोड्याच्या लघवीतून ते पकडायची पद्धत काढली. मी २० वर्षं झाले जनावरांना सुया टोचतोय पण कंपनीचं नाव आणि बॅच नंबर नसलेली बाटली मी म्हशीला पण टोचत नाही. बाकी माणसांचं माणसांचे डॉक्टर सांगतील.

लातूरचा_आयर्नमॅन, रात्री १०:५०

मी स्वतः घेतलंय म्हणून लिहितो, इथं निस्ते भीती घालणारे लई येतेत. माझा खांदा गेलता, बेंच मारताना कट्टकन आवाज आला आणि मग हात डोक्याच्या वर जाईना. तीन डॉक्टर केले, सगळ्यांचं एकच, आराम करा आणि गोळ्या घ्या. मग हे घेतलं महिनाभर. तिसऱ्या आठवड्यात फरक पडला राव, खोटं काहून बोलू. एकदा पोटावर बोराएवढी गाठ आलती लाल, ती गेली चार दिवसात. कॅन्सर बिन्सर काही झालेलं नाही, दोन वर्षं झाले. लेकरू मेहनत करायलंय, त्याला चोर असल्यासारखं नका पकडू एवढंच म्हणणं आहे.

पेप्टाइडवाली, रात्री ११:४७

ताई, मी संभाजीनगरला बायोकेमिस्ट्रीत पीएचडी करते, हे नाही पण दुसरी पेप्टाइडं माझ्या रोजच्या कामातली, त्यामुळं जरा लांबण लावणार आहे, झोप आली तर उद्या वाचा.

पहिलं म्हणजे हे स्टेरॉइड नाही, लोक लगेच तसं म्हणतात. प्रथिन म्हणजे अमिनो आम्लांची लांबच लांब माळ, आणि पेप्टाइड म्हणजे त्याच माळेचा छोटा तुकडा. यात १५ मणी आहेत, त्यात एका जागी प्रोलीन नावाचे तीन मणी लागोपाठ. जठररसात सापडलेल्या एका प्रथिनाचा हा तुकडा असं ते शोधणाऱ्यांचं म्हणणं, म्हणून विकणारे त्याला नैसर्गिक म्हणतात, पण बाटलीतलं कुणाच्या पोटातून काढलेलं नसतं, ते रेझिनच्या बारीक मण्यांवर एकेक अमिनो आम्ल जोडत यंत्रात बनवतात. त्यात काही वाईट नाही म्हणा, इतर कितीतरी पेप्टाइडं तशीच बनतात.

क्रोएशिया देशात झाग्रेब विद्यापीठ आहे, तिथल्या प्रेद्राग सिकिरिच यांच्या गटानं १९९० च्या सुमारास यावर काम सुरू केलं आणि आजही यावरचे बहुतेक पेपर त्याच एका गटाचे आहेत. बीपीसी म्हणजे शरीराचं रक्षण करणारं संयुग, नाव पण त्यांनीच दिलेलं. त्यांनी उंदरांची टाचेवरची नस (रक्ताची नाही, स्नायू हाडाला बांधणारा दोर, टेंडन) कापली, स्नायू चेचले, गुडघ्यातला लिगामेंट कापला, पोटात अल्सर केले, आणि जवळजवळ प्रत्येक ठिकाणी हे दिलेले उंदीर लवकर बरे झाले. इथं मला जरा खटकतं. एकच औषध नस पण बरी करतं, आतडं पण, मेंदू पण आणि दारूनं बिघडलेलं पोट पण, असं ऐकलं की आमच्या गाईड मॅडम चष्मा काढून टेबलावर ठेवतात.

पण सगळं एका घरचं पण नाही, हेही प्रामाणिकपणे सांगते. तैवानच्या एका गटानं उंदराच्या नसेतल्या पेशी काचेच्या डिशमध्ये वाढवून बघितल्या, तर या पेप्टाइडनं त्या पेशी जास्त सरकतात, त्यांच्यावर ग्रोथ हार्मोन पकडणारे रिसेप्टर वाढतात असं त्यांना दिसलं. नव्या रक्तवाहिन्या फुटायला लावणारा जो रिसेप्टर असतो त्याच्यावर पण काम होतं असं आलंय. आता टाचेवरच्या नसेला रक्तपुरवठा मुळातच कमी, म्हणून ती बरी व्हायला महिने लागतात, त्यामुळं ही कल्पना वेडगळ नाही. कॅन्सरची भीती पण इथूनच निघते बघा, कारण गाठीला वाढायला नव्या रक्तवाहिन्याच लागतात. यानं कॅन्सर होतो असं कुणी दाखवलेलं नाही, आणि होत नाही असं म्हणायला माणसांना वर्षानुवर्षं देऊन बघावं लागतं, ते पण कुणी केलेलं नाही. आयर्नमॅन दादांचे दोन वर्षं त्यात धरता येत नाहीत, सॉरी.

माणसांवरचं म्हणाल तर बोटावर मोजण्याएवढं. अमेरिकेत एका दवाखान्यानं गुडघ्यात इंजेक्शन दिलेल्या १६ जणांना नंतर विचारलं, १४ म्हणाले बरं वाटलं. पण शेजारी निस्त्या मिठाच्या पाण्याचं इंजेक्शन दिलेला गट ठेवलाच नव्हता, मग काय तुलना करणार. मूत्राशयाच्या दुखण्यावर १२ बायकांना दिलं, तिथंही तेच. शिरेतून दिलं ते दोन जणांना, दोन! २०१५ मध्ये ४२ निरोगी लोकांवर एक चाचणी नोंदवली होती, तिचा निकाल आजतागायत छापून आलेला नाही. आणि उंदरात, कुत्र्यात मोजलं तर रक्तातलं निम्मं औषध अर्ध्या तासाच्या आत संपतं, मग ते तिसऱ्या आठवड्यात खांद्यावर काय करत होतं हा प्रश्न माझ्या डोक्यातून जात नाही.

उंदराची नस काय असते, धडधाकट तरुण उंदीर, ब्लेडनं एका दिवशी कापलेली नस. तुमच्या भावाची नस कापलेली नाही ना, ती रोज पळून पळून थकलेली आहे, आतला कोलॅजनचा दोर विस्कटलाय. दोन्ही दुखण्यांना नस म्हणतात एवढंच साम्य.

शेवटचं बाटलीचं. विकणारे ९९ टक्के शुद्ध असा कागद दाखवतात, त्या भावाला पण दाखवला असेल. तो कागद एवढंच सांगतो की भुकटीत जे पेप्टाइड आहे ते किती निर्भेळ आहे. त्यात जंतू मेल्यावर उरणारं विष आहे का, बाटली निर्जंतुक आहे का, हे शुद्धता मोजणाऱ्या मशीनला कळतच नाही. त्या विषाची टेस्ट वेगळी असते, समुद्रातल्या नालखेकड्याच्या निळ्या रक्तापासून केलेली, खरंच निळं असतं. ती केल्याचा कागद मागून बघा, बहुतेक समोरचा विषय बदलेल. पोटावरची बोराएवढी लाल गाठ कशानं आली असेल ते मी सांगत नाही, पण मी असते तर ती बाटली परत वापरली नसती.

लातूरचा_आयर्नमॅन, रात्री ११:५८

मॅडम एवढं मोठं लिहिलं, मान्य. पण खांदा तर बरा झाला ना माझा.

पेप्टाइडवाली, रात्री १२:०४

झाला ना, आनंद आहे. त्या महिन्यात बेंच मारत होता का दादा?

लातूरचा_आयर्नमॅन, रात्री १२:०९

नाही. हात वर जात नव्हता तर कशाला मारतो. रबर बँडचं करत होतो निस्तं.

मैदान_परभणी, सकाळी ६:२०

ग्राउंडवरून टाइप करतोय, थोडक्यात सांगतो. पोरगा कबड्डी खेळतो म्हणलात म्हणून. जागतिक उत्तेजकविरोधी संस्था वाडानं बीपीसी १५७ चं नाव २०२२ पासून बंदीच्या यादीत घातलंय, कुठंच औषध म्हणून मान्यता नाही त्या गटात. टीबी ५०० पण बंद. उद्या हा राज्याकडून नॅशनलला गेला आणि नाडावाल्यांनी (आपल्या देशातली उत्तेजकविरोधी संस्था) नमुना घेतला तर मला माहीत नव्हतं, जिमातल्या माणसानं दिलं, हे चालत नाही, अंगात काय गेलं त्याची जबाबदारी खेळाडूची.

ऑस्ट्रेलियात एसेंडन नावाचा फुटबॉल क्लब आहे, त्यांच्या ३४ खेळाडूंवर २०१६ च्या जानेवारीत दोन वर्षांची बंदी बसली, २०१२ च्या सीझनला क्लबच्या माणसानं दिलेल्या इंजेक्शनपायी, थायमोसिन बीटा ४ म्हणजे त्या टीबी ५०० चं मूळ. एकाची पण लघवी पॉझिटिव्ह आली नव्हती, कागदपत्रावरून, मेसेजवरून पकडले. पोरं म्हणत राहिली आम्हाला सांगितलं होतं की चालतंय. आपल्या पोराकडं तर सांगणारा पण कोण, जिमातला एक जण.

औषधीवाला_नांदेड, सकाळी ९:४१

दुकान उघडून बसलोय, गिऱ्हाईक नाही तोवर लिहितो. भारतात कुठलंही औषध विकायचं तर त्यावर बनवणाऱ्याचं नाव, पत्ता, लायसन्स नंबर, बॅच, बनवल्याची तारीख, एक्स्पायरी लागतेच. तुमच्या बाटलीवर यातलं काहीच नाही म्हणजे ते औषध म्हणून विकलेलंच नाही, उद्या काही झालं तर तक्रार कुणाच्या नावानं करणार? आपल्या केंद्राच्या औषध खात्याची याला मान्यता नाही. अमेरिकेत पण २०२३ च्या सप्टेंबरात त्यांच्या औषध खात्यानं हे सुरक्षेची शंका असलेल्या पदार्थांत टाकलं होतं, म्हणजे तिथले दुकानात औषध बनवून देणारे फार्मसीवाले अडकले. आणि ते भिजवलेलं औषध थंडच लागतं, आपल्याकडं लाईट किती तास जाते ते सांगायची गरज नाही, वर फ्रीज दिवसातून पन्नासदा उघडायचा दही, कोथिंबीर, पाण्याच्या बाटल्या काढायला.

पण मला वेगळंच विचारायचंय. तुम्ही म्हणलात गणपतीनंतर दुखायला लागलं. त्याच्या आधी महिनाभरात त्याला ताप, टायफॉइड, लघवीची जळजळ, काही झालतं का आणि कोणती अँटिबायोटिक दिलती? नाव आठवत नसंल तर स्ट्रिप शोधा, आई टाकून देत नाहीत, डब्यात असतेत.

गंगाखेडची_लेक, सकाळी ११:१५

सगळ्यांचे आभार, रात्री दोनदा वाचलं. औषधीवाले दादा, तुम्हाला कसं कळलं? पोळ्याच्या टायमाला टायफॉइड झालता त्याला. आईच्या डब्यात स्ट्रिप सापडली, ऑफ्लोक्सासिन आहे, दोन गोळ्या शिल्लक. म्हणजे कोर्स पण पूर्ण केला नाही यानं. चौथ्या-पाचव्या दिवशी ताप उतरला तसा ग्राउंडवर गेलता, बापू ओरडले होते तेव्हा.

औषधीवाला_नांदेड, सकाळी ११:३३

हां. ऑफ्लोक्सासिन, सिप्रोफ्लॉक्सासिन, लिव्होफ्लॉक्सासिन हे एकाच खानदानातले. चांगली औषधं आहेत, टायफॉइडला आपल्याकडं कायम लिहितेत, पण यांचा एक माहीत असलेला त्रास म्हणजे नसा, टेंडन, आणि त्यात सगळ्यात जास्त ही टाचेवरचीच. दुखते, सुजते, क्वचित तुटते सुद्धा. अमेरिकेनं २००८ मध्ये या गोळ्यांवर काळ्या चौकटीतला इशारा छापायला लावला तो याच्यासाठीच. गोळी चालू असताना पण होतं आणि बंद केल्यावर काही आठवड्यांनी, महिन्यांनी पण. साठीच्या पुढच्या लोकांना जास्त, पण पोरगा तापातून उठून तसाच १६०० मीटर मारायला लागला म्हणल्यावर वयाचं काय घेऊन बसता. हेच कारण असंल असं मी दुकानात बसून छातीठोक नाही सांगणार, पण हाडांच्या डॉक्टरला ही स्ट्रिप दाखवा, आधीच्या दवाखान्यात कुणी विचारलं नसणार. आणि कुणी तिथं स्टेरॉइडचं इंजेक्शन मारू म्हणलं तर ही गोष्ट आधी सांगायची, दोन्ही एकत्र आलं की तुटायची भीती वाढते.

फिजिओ_मावशी, दुपारी २:०५

औषधीवाल्यांना शंभर मार्क. मी हेच विचारायला आले होते.

ताई, तपासणी होईपर्यंत पळणं बंद, उड्या बंद, कबड्डी बंद. चालू द्या, सायकल मारू द्या हलकी. पायात पाठीमागून कुणीतरी काठी मारल्यासारखं झालं, फट असा आवाज आला किंवा चवड्यावर उभं राहता येईना झालं तर वाट बघायची नाही, त्याच दिवशी हाडांचा डॉक्टर. सरकारी दवाखान्यात पण सोनोग्राफी होते नसेची, दोन-चार हजार घालायची गरज नाही.

आता आराम कर म्हणलं की पोरं चिडतात ते मला कळतं, कारण निस्त्या आरामानं ही नस बरी होत नाही, आणि आराम संपला की पुढं काय ते कुणी सांगत नाही. नस ही दोरासारखी आहे, तिला ताण दिल्याशिवाय आतले धागे सरळ लागत नाहीत, फक्त ताण मापात पाहिजे. स्वीडनमध्ये हाकान आल्फ्रेडसन म्हणून हाडांचे डॉक्टर आहेत, ते स्वतः पळणारे, टाच दुखत होती, ऑपरेशन करा म्हणून वरिष्ठांच्या मागं लागले तर वरिष्ठांनी नाही म्हणून सांगितलं. हे इतके चिडले की म्हणाले मीच तोडतो नस, मग तर कराल, आणि पायरीवर उभं राहून टाच खाली सोडायचा व्यायाम दणादण सुरू केला. नस तुटायची सोडून बरी झाली. मग त्यांनी १९९८ मध्ये १५ पळणाऱ्यांवर तेच नीट करून छापलं. चवड्यावर पायरीच्या कडेला उभं राहायचं, दोन्ही पायांनी वर जायचं, दुखऱ्या पायानं हळूहळू टाच पायरीच्या खाली सोडायची. १५ वेळा, असे ३ सेट, गुडघा सरळ ठेवून आणि मग परत तेवढेच गुडघा वाकवून, दिवसातून दोनदा, बारा आठवडे. हिशेब केला तर रोज १८० होतात.

पण तुमच्या भावाचं त्या गोळ्यांचं प्रकरण आहे म्हणून हे आजपासून नाही सुरू करायचं, डॉक्टरनं बघून हो म्हणल्यावर, आणि १८० वर पहिल्या दिवशी उडी नाही, आधी जमिनीवर दोन्ही पायांनी. माझ्याकडं भरतीवाली पोरं येतात त्यातली निम्मी तिसऱ्या आठवड्यात बरं वाटलं म्हणून सोडतात आणि पाचव्या आठवड्यात लंगडत परत येतात.

आयर्नमॅन, तुमचं ते रबर बँडचं कुणी शिकवलं होतं?

लातूरचा_आयर्नमॅन, दुपारी २:४०

तिसऱ्या डॉक्टरनं फिजिओकडं पाठवलं होतं, पाच-सहा वेळा गेलतो. हां आता कळायलं मला तुम्ही कुठं नेताय ते. तरी मी म्हणतो थोडा तरी फायदा झालाच असंल, साडेतीन हजारांच्या तीन बाटल्या घातल्यात मी त्यात, निस्त्या दहा-वीस रुपयांच्या रबरानं बरं झालं म्हणलं तर जेवण जाणार नाही मला.

ढोरांचा_डॉक्टर, दुपारी ३:०२

😀😀

गंगाखेडची_लेक, रात्री ९:२६

आज हे सगळं त्याला वाचायला दिलं. आधी फुगून बसला, माझी बदनामी केली म्हणे, नाव कुठं टाकलंय तर. मग मैदानवाल्या दादांचं ते ३४ खेळाडूंचं वाचून जरा गप झाला. पण खरं सांगू का, त्याला सगळ्यात लागलं ते गोळीचं. म्हणतो मला वाटलं मी कमजोर आहे म्हणून दुखायलंय, बाकीची पोरं पण तेवढंच पळतेत, त्यांना काही होत नाही. रडला थोडा. आई स्वयंपाकघरातून विचारत होती काय झालं, आम्ही काही नाही म्हणलं.

सोमवारी परभणीला हाडांच्या डॉक्टरकडं जायलोत, स्ट्रिप घेतलीय पिशवीत. बाटल्या पण घेतल्यात, डॉक्टरला दाखवून तिथंच देऊन टाकते. सुया एका बिस्किटाच्या डब्यात बंद केल्यात, कचऱ्यात टाकल्या नाहीत, आमच्याकडं घंटागाडीतल्या बाया हातानं कचरा वेगळा करतेत. साडेतीन हजाराचं बापूंना अजून सांगितलं नाही, ते मी भरीन.

फिजिओ ताई एक विचारायचं राहिलं, आमच्या दाराची पायरी चार बोटंच उंच आहे, टाच खाली जमिनीला टेकेल. मागच्या ओट्याला कड आहे, त्यावर पाणी सांडतं पण. तो चालेल का?

फिजिओ_मावशी, रात्री ९:५१

ओटा चालेल, पुसून घ्यायचा आणि भिंतीला हात लावायचा. सोमवारी डॉक्टर काय म्हणतात ते इथं टाका, त्यावर कितीपासून सुरू करायचं ते सांगते.